रणगाड्याच्या प्रतिकृतीला रणभूमीची कळा कशी येते?

नवी दिल्ली : दरवर्षी २६ जानेवारीला राजधानीतील कर्तव्य पथावरून लष्कराचे रणगाडे दिमाखात पुढे सरकतात. वाळूच्या पिवळसर रंगावर गडद हिरवे पट्टे असलेला 'टी-९० भीष्म' हा रणगाडा अलीकडच्या अनेक संचलनांत देशवासीयांनी पाहिला आहे. रंग ताजा, चाके स्वच्छ, साखळीपट्टे काळेभोर. संचलनाला हेच रूप शोभते. मात्र हाच रणगाडा राजस्थानच्या वाळवंटात सरावासाठी उतरला, की काही तासांतच त्याचे रूप पालटते. हिरवा रंग धुळीखाली फिकट होतो, सांध्यांत मळ साचतो, कडांचा रंग घासला जातो आणि साखळीचे पोलाद चकाकू लागते.

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्याची लहान प्रतिकृती तयार करणाऱ्या हौशी मंडळींसमोर नेमका हाच प्रश्न असतो. भाग नीट जुळले, रंग समान बसला, छद्मावरणाचे पट्टेही जमले, तरीही टेबलावरची वस्तू खेळण्यासारखी का दिसते? या प्रश्नाचे उत्तर दोन जुन्या आणि सोप्या कृतींत आहे. एक 'वॉश', म्हणजे अतिशय पातळ रंगाचा हात, आणि दुसरी 'ड्रायब्रश', म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने केलेले रंगकाम. दोन्ही कृती करायला सोप्या आहेत. त्या कोठे आणि किती कराव्यात, हे ठरवणे मात्र अवघड आहे.

छद्मावरणाची सुरुवात चित्रकारांपासून

रणगाडा युद्धात प्रथम उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधील सोमच्या लढाईत. ब्रिटिशांच्या त्या पहिल्या रणगाड्यांसाठी रंगीबेरंगी छद्मावरणाची योजना सॉलोमन जे. सॉलोमन या चित्रकाराने केली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९१५ मध्ये, फ्रेंच सैन्यानेही छद्मावरणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला होता आणि त्यातही चित्रकारांचाच भरणा होता. म्हणजे रणगाड्यावरील रंग हा आरंभापासूनच चित्रकलेशी जोडलेला विषय आहे.

छद्मावरणाचा हेतू वस्तू अदृश्य करणे हा नसतो. तिची ओळखीची बाह्यरेषा मोडावी आणि शत्रूच्या नजरेला क्षणभर संभ्रम पडावा, एवढाच तो असतो. त्यासाठी दोन रंगांमधील फरक महत्त्वाचा ठरतो. प्रतिकृतीवर धूळ आणि मळ दाखवताना हा फरक पूर्णपणे पुसला गेला, तर छद्मावरणच नाहीसे होते. तो तसाच कोरा राहिला, तर रणगाडा कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा वाटतो. या दोन टोकांमधील तोल साधणे, हे एकरंगी रणगाड्यापेक्षा दोनरंगी रणगाड्याच्या बाबतीत अधिक कठीण असते.

सावली लहान होत नाही

प्रतिकृती खेळण्यासारखी दिसण्यामागे एक साधे कारण आहे. रणगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी १:३५ हे प्रमाण जगभर सर्वाधिक प्रचलित आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन 'पँथर' रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढली. आतील बॅटऱ्या मावाव्यात म्हणून तिचा आकार ठरवला गेला आणि पुढे तेच प्रमाण रूढ झाले. या प्रमाणात तोफेसह सुमारे साडेनऊ मीटर लांबीचा टी-९० रणगाडा अवघ्या २७ सेंटिमीटरचा होतो.

रणगाडा ३५ पटींनी लहान झाला, तरी त्यावर पडणारा प्रकाश मात्र लहान होत नाही. खऱ्या रणगाड्याच्या झाकणाखाली, बोल्टभोवती आणि पोलादी पत्र्यांच्या सांध्यांत ठळक सावली पडते. प्रतिकृतीवरील तेच सांधे अर्ध्या मिलिमीटरचे असतात. खोलीतील दिव्याचा पसरट प्रकाश त्यांत सहज शिरतो आणि सावली पुसट होते. म्हणून ती रंगाने काढावी लागते. वॉशचे पहिले काम हेच आहे. ड्रायब्रशचे काम याच्या उलट आहे. उन्हात उजळणाऱ्या कडा आणि उंचवटे तो रंगाने उजळतो. एक कृती खोली दाखवते, दुसरी उठाव. या दोन्ही कृतींचा प्रसार लष्करी प्रतिकृतींच्या क्षेत्रात मुख्यतः १९७० च्या दशकापासून झाला. अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांची नावे या संदर्भात आवर्जून घेतली जातात.

वॉश : पातळ रंग, नेमकी जागा

वॉश देण्यापूर्वी मूळ रंग पूर्ण वाळलेला असावा. मूळ रंग ॲक्रिलिक असेल, तर वॉशसाठी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वापरावा. टर्पेंटाइनचा वाळलेल्या ॲक्रिलिकवर सहसा परिणाम होत नाही, त्यामुळे खालचा थर सुरक्षित राहतो. यासाठी परदेशी बाटल्याच हव्यात असे नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचे चित्रकारांसाठीचे तैलरंग आणि ॲक्रिलिक देशभर मिळतात आणि या कामासाठी ते पुरेसे आहेत. मात्र लाकडी सामानाच्या पॉलिशसाठी वापरला जाणारा तीव्र थिनर चुकूनही वापरू नये. तो रंगच नव्हे, तर प्लॅस्टिकही विरघळवतो.

मूळ रंगावर प्रथम चकचकीत व्हार्निशचा एक पातळ थर द्यावा. त्यामागे कारण आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ रंग आपोआप खाचेतून पुढे सरकत जातो. खरखरीत, मॅट पृष्ठभागावर तो चारी बाजूंना पसरतो आणि वाळल्यावर पाण्याच्या डागासारखी किनार मागे ठेवतो.

वॉश दोन प्रकारे दिला जातो. पहिल्या प्रकारात अत्यंत पातळ, जेमतेम रंग असलेला हात संपूर्ण प्रतिकृतीवर फिरवतात. त्यामुळे छद्मावरणाचे दोन्ही रंग एकाच उन्हात, एकाच धुळीत वावरल्यासारखे परस्परांशी जुळतात. दुसऱ्या प्रकारात बारीक टोकाच्या कुंचल्याने केवळ सांधे, बोल्ट, बिजागऱ्या आणि जाळ्यांच्या कडा यांनाच रंगाचा थेंब स्पर्शवतात. थेंब खाचेत स्वतःहून धावतो. साधारण अर्ध्या तासाने स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये ओलावून पुसलेल्या कुंचल्याने आजूबाजूचा जादा रंग टिपून घ्यावा. उभ्या भागांवर कुंचला वरून खालीच ओढावा, कारण पावसाचे पाणी आणि त्याबरोबर मळही त्याच दिशेने वाहतो.

यासाठी काळा रंग टाळावा. वाळूच्या पिवळसर रंगावर काळी रेघ उमटली, की ती सावली न वाटता शाईने आखलेली वाटते. गडद तपकिरी रंग पिवळसर भागासाठी योग्य ठरतो. हिरव्या भागासाठी त्याच तपकिरीत किंचित काळा मिसळावा. नवशिक्यांची आणखी एक चूक म्हणजे एकाच बैठकीत सारे काम उरकणे. वॉशचा थर किमान एक दिवस वाळू द्यावा आणि मगच तो पुरेसा झाला की नाही हे ठरवावे.

ड्रायब्रश : कुंचल्यावर रंग जवळजवळ नसावा

ड्रायब्रशसाठी मऊ, सपाट आणि थोडा जुना कुंचला चांगला. त्यावर किंचित रंग घ्यावा आणि तो कापडावर किंवा कागदावर इतका पुसावा, की कुंचल्यात रंग उरलेलाच नाही असे वाटावे. नंतर कुंचला उंचवट्यांवरून आणि कडांवरून हलकेच फिरवावा. खोलगट भागाला तो स्पर्श करत नाही. उंच भाग मात्र त्याच्यावरचा उरलासुरला रंग उचलतात. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत काही घडल्यासारखे दिसत नाही. तसे दिसू लागले, तर कुंचल्यावर रंग जास्त आहे असे समजावे.

क्रम साधारणपणे आधी वॉश आणि मग ड्रायब्रश असा असतो. वॉशमुळे सारी प्रतिकृती थोडी काळवंडते आणि ड्रायब्रश कडांना त्यांचा उजेड परत देतो.

छद्मावरण असलेल्या रणगाड्यावर येथेच सर्वाधिक चुका होतात. एकच फिकट रंग घेऊन तो संपूर्ण रणगाड्यावर फिरवला, तर पिवळसर भागावर तो दिसत नाही, हिरव्या भागावर मात्र पांढुरक्या पावडरीसारखा बसतो. दोन रंगांमधील फरक नाहीसा होतो. म्हणून पिवळसर पट्ट्यावर पिवळसरचीच फिकट छटा आणि हिरव्यावर हिरव्याचीच फिकट छटा वापरावी. हिरवा उजळण्यासाठी पांढऱ्याऐवजी थोडा पिवळा किंवा वाळूचा रंग मिसळल्यास तो उन्हाने विटल्यासारखा भासतो. पांढरा मिसळल्यास खडूसारखा दिसतो. दोन्ही रंगांवर सारखीच बसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे धूळ. ती शेवटी, वेगळ्या थरात आणि मुख्यतः खालच्या भागावर द्यावी.

मळालाही कारण असते

वॉश आणि ड्रायब्रश हाताला सरावाने येतात. त्यानंतरचा प्रश्न नजरेचा असतो. कोणता डाग कशामुळे पडला, याचे उत्तर देता आले पाहिजे.

सुमारे ४६ टन वजनाच्या टी-९० रणगाड्याची साखळी जमिनीला घासते, त्यामुळे जमिनीवर टेकणारे तिचे पोलाद झिजून चकाकते. गंज दिसलाच तर तो न घासल्या जाणाऱ्या खोलगट भागात दिसेल. धूळ आडव्या पृष्ठभागांवर बसते, पण तीन सैनिकांचे दल जेथून चढते-उतरते, तेथे बुटांनी ती पुसली जाते आणि झाकणांच्या कडांवरील रंग घासला जातो. टी-७२ आणि टी-९० या रणगाड्यांत इंजिनाचा धूर डाव्या बाजूने बाहेर पडतो. काजळी त्याच बाजूला हवी. ती दोन्ही बाजूंना दाखवली, तर जाणकाराला चूक तत्काळ कळते. इंधनाचे ओघळ टाक्यांच्या तोंडाखाली असतात, तोफेच्या नळीवर नसतात.

प्रमाणाचाही विसर पडू नये. प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा होतो. अंगणातील माती चाळून वापरण्याची पद्धत चांगली असली, तरी अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण या प्रमाणात जवळपास पावणेदोन सेंटिमीटरचा खडा ठरतो. म्हणून माती मलमलीच्या कापडातून गाळून घ्यावी, किंवा खडूच्या रंगीत कांड्या घासून त्यांची पूड वापरावी. वाळवंटातील धुळीचा रंग फिकट पिवळसर असतो, यमुनेकाठच्या गाळाचा राखाडी-तपकिरी आणि दख्खनच्या मातीचा काळपट. रणगाडा कोठे उभा आहे, हे मातीच्या रंगावरून सांगता येते.

गंजाच्या बाबतीत विशेष संयम हवा. जाड पोलादी चिलखत असलेल्या, सेवेत असलेल्या आणि वेळोवेळी रंगवल्या जाणाऱ्या रणगाड्यावर, तेही कोरड्या वाळवंटात, गंजाचे मोठे ओघळ दिसत नाहीत. जळालेल्या रणगाड्याची गोष्ट वेगळी. आगीत रंग जळून राखेसारखे पांढुरके डाग पडतात, चाकांवरील रबर नष्ट होते आणि उघडे पडलेले पोलाद काही दिवसांतच तांबूस होते.

धूळ लपवते आणि उघडेही पाडते

धुळीचे महत्त्व केवळ दिसण्यापुरते नाही, याचे बोलके उदाहरण राजस्थानातील लोंगेवालाच्या लढाईत सापडते. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या दरम्यान मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली २३ पंजाब पलटणीच्या एका कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला रात्रभर रोखून धरला. उजाडताच जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमाने आली. विमानांतून टिपलेल्या छायाचित्रांत रणगाड्यांपेक्षा वाळूत उमटलेले त्यांच्या साखळ्यांचे वेडेवाकडे, गोल गोल फिरलेले माग अधिक ठळक दिसतात. अंगावर कोणताही रंग असला, तरी उघड्या वाळवंटात धुळीचा लोट आणि साखळीचा माग रणगाड्याचा ठावठिकाणा सांगतो. प्रतिकृती वाळवंटाच्या तुकड्यावर मांडायची असेल, तर तिच्यामागे हा माग असायलाच हवा. चाकांवर धूळ आणि खाली कोरी वाळू, ही विसंगती अनेक सुबक प्रतिकृतींतही आढळते.

दिल्लीच्या हवेत काम करताना

दिल्ली आणि परिसरात हे काम करणाऱ्यांना ऋतूंचाही विचार करावा लागतो. मे-जूनच्या उष्म्यात ॲक्रिलिक रंग कुंचल्यावरच सुकतो. अशा वेळी रंग थोडा-थोडा घ्यावा आणि सकाळी लवकर काम करावे. याच दिवसांत येणाऱ्या आँधीची बारीक धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून प्रतिकृती डब्याने झाकून ठेवावी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फवाऱ्याने मॅट व्हार्निश दिल्यास त्यावर पांढुरकी झाक येण्याचा संभव असतो. पाऊस नसलेला कोरडा दिवस पाहूनच हा थर द्यावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तैलरंग वाळण्यास अधिक वेळ घेतो.

हिवाळ्यातच आणखी एक धोका संभवतो. थंडी आणि प्रदूषण यांमुळे खिडक्या बंद असतात आणि खोलीत विजेचा हीटर चालू असतो. टर्पेंटाइनची वाफ डोके जड करते आणि ती ज्वलनशीलही असते. त्यामुळे हीटरजवळ हे काम करू नये आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. तैलरंग पुसलेली कापडे बोळा करून टाकल्यास त्यांतील जवसाच्या तेलामुळे ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत. खडूची पूड किंवा गाळलेली माती हाताळताना नाकातोंडावर मास्क लावावा. लहान मुलांना यात सहभागी करून घ्यायचे असेल, तर पोस्टर रंग पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून वॉश द्यावा. तो बिनधोक असतो आणि मनासारखा न जमल्यास ओल्या कुंचल्याने पुसूनही टाकता येतो.

पाहावे कोठे?

छायाचित्रांवर विसंबण्यापेक्षा प्रत्यक्ष रणगाडा पाहणे केव्हाही श्रेयस्कर. मराठी वाचकांसाठी त्याची उत्तम सोय अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे आहे. तेथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये सुरू केलेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जुन्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, विजयंता आणि युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत अनेक वाहने मांडली आहेत. तेथे ध्यान द्यावे ते बोल्टभोवतीच्या मळाकडे, पत्र्यांच्या जोडकामाकडे आणि वर चढताना पाय पडतो त्या जागेकडे. मात्र संग्रहालयातील रणगाडे पुन्हा रंगवलेले असतात, हेही लक्षात असू द्यावे. त्यांचा आकार खरा असतो, रंगाची अवस्था युद्धातली नसते.

'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडाही अहिल्यानगरच्या याच केंद्रात जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड क्षेत्रातील बसंतरच्या लढाईत १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यातून लढले. रणगाड्याने पेट घेतल्यानंतरही त्यांनी तो सोडला नाही आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी ते अवघे २१ वर्षांचे होते. पुण्यात जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारकाच्या परम योद्धा स्थळावर त्यांचा अर्धपुतळा आहे. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सेंच्युरियन जातीचा एक रणगाडा राजपथावरून नेण्यात आला, तेव्हा तो अर्थातच स्वच्छ आणि ताज्या रंगाचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजपथाचे नाव कर्तव्य पथ झाले.

एखाद्याने उद्या 'फामागुस्ता'ची प्रतिकृती करायला घेतली, तर कोणता रणगाडा करायचा, हे त्याला आधी ठरवावे लागेल. संचलनातील, संग्रहालयातील की बसंतरच्या काठावरील? पहिल्या दोहोंसाठी कोरा रंग पुरेसा आहे. तिसऱ्यासाठी सुरुंगक्षेत्रातून रात्री केलेली वाटचाल, डिसेंबरमधील नदीकाठची ओली माती आणि शेवटची आग, हे सारे वॉश आणि ड्रायब्रशच्या मोजक्या हातांतून सांगावे लागते. तेथे शोभेसाठी वाढवलेला एक ओघळही खोटा ठरतो आणि आळसाने सोडलेली स्वच्छ जागाही. कुंचला उचलण्यापूर्वी त्या लढाईची माहिती वाचणे, हा या कामातील पहिला थर आहे.